मूल आणायला भारतात जायचंय – किती दिवसांची रजा काढू?

नाशिककर_सिएटल

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय.

आम्ही दोघं सिएटलजवळ राहतो, दोघंही ओसीआय (म्हणजे भारतीय वंशाचे, पण नागरिकत्व इकडचं). लग्नाला अकरा वर्षं झाली. मूल दत्तक घ्यायला कारामध्ये (दत्तकाचं काम बघणारी भारताची केंद्रीय संस्था) नोंदणी करून साडेतीन वर्षं झाल्यावर या मार्चमध्ये रेफरल, म्हणजे सुचवलेल्या मुलाची माहिती, आलं. मुलगा आहे, चार वर्षांचा, झारखंडमधल्या एका संस्थेत (जिल्हा मुद्दाम लिहीत नाही). आम्ही होकार दिला, इकडचं आय-८०० (मुलासाठीचा अमेरिकन इमिग्रेशनचा अर्ज) झालं, काराचं ना-हरकत पत्र आलं. आता तिकडच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट बघतोय. तो झाला की जन्मदाखला, पासपोर्ट आणि मग आमचं जाणं. एजन्सीवाली बाई सप्टेंबरअखेर म्हणतेय.

माझा हिशेब असा: शनिवारी रांची, सोमवारी मूल ताब्यात, मंगळवारी दिल्ली. तिथे मेडिकल आणि व्हिसाचा अर्ज. व्हिसा हातात येईपर्यंत तीन-चार दिवस नाशिकला, कारण आईने बारशासाठी गंगापूर रोडला हॉल बघून ठेवलाय. परत दिल्ली, विमान, घर. एकूण बारा दिवस. कंपनीत सध्या माणसं कमी करताहेत, त्याहून जास्त रजा मागायची छाती होत नाही.

बायकोचं म्हणणं आहे की ही घाई होतेय. पण किती दिवस म्हणजे पुरेसे, हे तिलाही सांगता येत नाही. कुणी या वाटेने गेलंय का? आणि आम्हाला हिंदी चांगलं येतं, भाषेचा काही प्रश्न येऊ नये ना?

प्रश्नचिन्ह

अभिनंदन! पण एक कळलं नाही. साडेतीन वर्षं कशाला थांबलात? आमच्या गावाकडे एका आश्रमाच्या ट्रस्टींशी घरोबा आहे. ओळखीने थेट मूल घेऊन कोर्टातून कागद करून घेतले असते तर? लोक करतात असं.

निवृत्त_वकील

प्रश्नचिन्ह, लोक करतात आणि लोक अडकतातही. अनाथ, टाकून दिलेलं किंवा आईबापांनी संस्थेच्या हवाली केलेलं मूल ठरलेली प्रक्रिया डावलून देणं-घेणं हा बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ८० खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखाचा दंड, किंवा दोन्ही. घरोब्याचे ट्रस्टीही त्यात आले.

परदेशी जाणाऱ्या मुलांबाबत हे नियम कुणी हौसेने केलेले नाहीत. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी परदेशी दत्तकातल्या गैरप्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १९८४ मध्ये निकाल दिला. आज जे होम स्टडी (दत्तक घेणाऱ्यांच्या घरची पाहणी), मान्यताप्राप्त एजन्सी, आधी देशातल्या कुटुंबाला प्राधान्य वगैरे दिसतं त्याचं मूळ तिथे आहे. पुढे २००३ मध्ये भारताने देशादेशांतल्या दत्तकाबद्दलच्या हेग कराराला मान्यता दिली. शिवाय ओळखीने घेतलेल्या मुलाला अमेरिकेचा व्हिसा कसा मिळणार, तेही ट्रस्टींना विचारून ठेवा.

सांगलीची_हळद

नाशिककर, आधी पोटभर अभिनंदन. आता जे लिहिते ते जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आम्ही ओहायोत असतो. आमची लेक ओडिशातली, ब्रह्मपूरची. ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मध्ये तिला आणलं तेव्हा ती पावणेसहा वर्षांची होती. डाव्या कानाने तिला जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून ती विशेष गरजांच्या यादीत होती. मी मूळची सांगलीची, नवरा मिरजेचा. आम्हा दोघांचा ओडिशाशी संबंध म्हणजे लहानपणी एकदा आजी-आजोबांबरोबर केलेली जगन्नाथपुरीची यात्रा, तीही त्याने केलेली, मी नाही.

तुमचा बारा दिवसांचा हिशेब वाचला आणि हसू आलं, कारण आमचाही अगदी हाच होता. फक्त नाशिकच्या जागी मिरज. सासूबाईंनी हॉल नव्हता घेतला, पण पेढ्यांची ऑर्डर देऊन ठेवली होती. तो हिशेब आमच्या डोक्यातून काढला तो संस्थेच्या अधीक्षक बाईंनी. व्हिडिओ कॉलवर त्यांना तारखा सांगितल्या तर त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, आपको कोई सोमवार को मिले और मंगलवार को ले जाए, तो आप जाएँगी?" मी गप्प. नवरा शेजारी बसून लॅपटॉपवर तिकिटं बघत होता, त्याने टॅब बंद केला.

मग आम्ही एकोणीस दिवस काढले. नऊ ब्रह्मपुरात, आठ दिल्लीत, बाकीचे प्रवासात. मला विचाराल तर ब्रह्मपूरचे नऊसुद्धा कमी पडले. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मुलाच्या गावात किमान आठवडा, दिल्लीत किमान आठवडा, आणि नाशिक या खेपेला शून्य. आता का, ते सांगते.

पहिल्या दिवशी संस्थेत गेलो तेव्हा ती दाराआड उभी होती. आमचा फोटो तिला सहा महिन्यांपासून दाखवत होते, अल्बम पाठवला होता, त्यामुळे तिला ओळख पटली होती. मी खाली बसले, छातीवर हात ठेवून म्हटलं, "मी आई." कधीपासून घोकलेलं वाक्य हो ते. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या मागे उभी असलेली एक मोठी मुलगी फिस्सकन हसली. नंतर अधीक्षक बाईंनी सांगितलं की ओडियात आई म्हणजे आईची आई, आजी! मी ४३ वर्षांची, केस पुढून पांढरे. पोरीला वाटलं असणार, आजी आली, आई मागून येतेय.

आणि गंमत बघा, ती ज्या मोठ्या मुलीच्या मागे मागे फिरायची तिला ती 'नानी' म्हणायची. नवरा मला हळूच म्हणतो, अगं, इथे हिची आजी आहे का? तर ओडियात नानी म्हणजे थोरली बहीण. म्हणजे त्यांची आई ती आजी आणि नानी ती ताई. पहिले दोन दिवस आमचं नात्यांचं गणितच सुटेना.

भाषेचं एवढं लांबण यासाठी लावतेय की तुम्ही 'हिंदी येतं, पुरेल ना' असं विचारलंत. आम्हालाही येत होतं. संस्थेतल्या बाईंशी बोलायला पुरलं. पोरीशी बोलायला काडीचंही उपयोगी पडलं नाही, तिला हिंदी कळतच नव्हतं. पण मराठी कळायचं! खोटं नाही सांगत. पाणी म्हटलं की पाणी, तोच ण. भात म्हणजे भात. घर म्हणजे घर. नाही म्हणायला 'नाहिँ', नाकातून. मावशीला 'माउसी'. ओडियात आपला ळ आहे, केळ्याला 'कदळी' म्हणतात. नवरा तर इतका खूश झाला की प्रत्येक वस्तूला आधी मराठी शब्द टाकून बघायचा, लागला तर लागला.

एकदाच फसला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती त्याचा शर्ट ओढून "भोक, भोक" म्हणायला लागली. हा बिचारा तिचा फ्रॉक उलटापालटा करून बघतोय, भोक कुठे पडलंय. ती रडायच्या बेतात. ओडियात भोक म्हणजे भूक! तेवढ्यात नानी आली आणि तिने ताट आणलं. त्या अकरा वर्षांच्या पोरीने मग माझ्या वहीत हिंदीतून वीस-पंचवीस शब्द लिहून दिले. शू लागली, दुखतंय, झोप, भीती वाटते, लाइट ठेवा, गरम आहे, नको. ती वही अजून आमच्या फ्रिजवर आहे. त्या यादीएवढं कामाचं पुढे दोन महिन्यांत काहीच नव्हतं, आणि सोमवारी जाऊन मंगळवारी निघालो असतो तर ती यादी आम्हाला मिळालीच नसती.

आमचा क्रम असा होता. पहिले तीन दिवस रोज दोन-अडीच तास संस्थेत, तिथेच, सगळ्या मुलांत. चौथ्या दिवशी तिला आणि नानीला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात. पाचव्या दिवशी रिक्षाने गोपाळपूरच्या समुद्रावर, पंधरा-सोळा किलोमीटर आहे, बरोबर संस्थेतली एक माउसी, म्हणजे मुलं सांभाळणारी बाई. समुद्र ब्रह्मपूरहून इतका जवळ आणि तिने तो पाहिलेला नव्हता. सहाव्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. तिकडे त्याच दिवशी गम्हा पूर्णिमा असते. संस्थेत मुलींनी राख्या बांधल्या, मी त्यांच्या स्वयंपाकघरात नारळीभात केला. गूळ जरा जास्त झाला आणि तांदूळ त्यांचा उकडा, त्यामुळे नारळीभात कमी आणि खीर जास्त असा प्रकार झाला. पोरांनी खाल्ला. माउसींनी चाखून एकमेकींकडे पाहिलं.

सातव्या रात्री ती पहिल्यांदा आमच्याकडे हॉटेलवर झोपली. म्हणजे खोलीत झोपली, पलंगावर नाही, खाली चादर पसरून. मीही खाली झोपले. आठव्या दिवशी परत संस्थेत, आणि नवव्या दिवशी सकाळी निघायचं होतं.

त्या सकाळचं थोडं लिहिते. आदल्या संध्याकाळपर्यंत ती हसत होती, आम्हाला वाटलं जमलं. फाटकाशी रिक्षा आली आणि तिने नानीची ओढणी धरली. "जिबि नाहिँ." जाणार नाही. ओरडली नाही, रडली नाही, नुसतं तेवढंच परत परत म्हणत राहिली. शेवटी नानीच रिक्षात बसली आणि स्टेशनपर्यंत आली. गाडी हलली तेव्हा ही माझ्या मांडीवर होती आणि मान मागे वळलेली. भुवनेश्वरकडे जाताना उजव्या हाताला चिल्का सरोवर लागतं, मैलोगणती पाणीच पाणी. मी दाखवत होते, तिने पाहिलं नाही. बालुगावला काही वेळ गाडी थांबली तेव्हा तिने स्वतःहून "पाणी" म्हटलं. तिला तहान लागली असा अर्थ घेऊन मी बाटली दिली. ती खिडकीबाहेर बोट दाखवत होती.

नऊ दिवस राहूनही हे असं झालं. दोन दिवसांत काय झालं असतं, मला विचारसुद्धा करवत नाही.

दिल्लीबद्दल पटकन सांगते, कारण ते सगळं एजन्सी सांगेलच. दत्तक मुलांचा अमेरिकन व्हिसा दिल्लीच्या दूतावासातच झाला, मेडिकलही तिथेच, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे. दोन वर्षांवरच्या मुलाची क्षयाची रक्ततपासणी करतात, तिच्या निकालाला दोन-तीन दिवस गेले. ती पॉझिटिव्ह आली तर एक्स-रे आणि आणखी वेळ, म्हणून परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आदेश, काराचं अनुच्छेद २३ चं प्रमाणपत्र (दत्तक हेग कराराप्रमाणे झालं असं), तुमची नावं असलेला जन्मदाखला आणि मुलाचा भारतीय पासपोर्ट, या चौघांवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच आहे ना हे संस्थेत असतानाच तपासा. आमच्या जन्मदाखल्यात मधलं नाव गळलं होतं. त्यावर तीन आठवडे गेले, नशीब की ते आम्ही निघायच्या आधी लक्षात आलं. आयएच-३ व्हिसावर (भारतातच दत्तक पूर्ण झालेल्या मुलांचा) मूल अमेरिकेत उतरलं की ते नागरिक होतं, प्रमाणपत्र पोस्टाने येतं. त्यानंतर भारतीय पासपोर्ट सरेंडर करायला विसरू नका, नाहीतर ओसीआयच्या वेळी रडाल.

दिल्लीतल्या हॉटेलात एक गोष्ट झाली ती मात्र सांगते. जेवण झालं की ही ताट उचलायची, बाथरूममध्ये जाऊन धुवायची आणि ताट घेऊन दाराजवळ उभी राहायची. रांगेत. रांग तिची एकटीची. मग तीन दिवस आम्ही दोघंही आपापली ताटं धुऊन तिच्या मागे उभे राहत होतो. रूम सर्व्हिसवाल्याला काय वाटलं असेल ते असो.

विमानात तर तिने हवाई सुंदऱ्यांना थेट माउसी ठरवलं. ट्रॉली घेऊन ओळीने सगळ्यांना जेवण वाढतात म्हणजे माउसीच. "एवढ्या माउसी!" असं काहीतरी म्हणाली आणि पहिल्यांदा निवांत झोपली.

आता नाशिकचं. मिरज रद्द केलं तेव्हा सासूबाई रुसल्या. दीड महिना फोनवर फक्त नवऱ्याशी बोलत होत्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण डोळ्यासमोर आणा, ज्या मुलाने आयुष्यात पाच-सहा मोठी माणसं पाहिली आहेत, त्याला दोन परकी माणसं उचलतात, विमानात घालतात आणि तिसऱ्या दिवशी दोनशे माणसांच्या हॉलमध्ये नेतात. प्रत्येक जण गाल ओढणार, हातात पाकीट कोंबणार, आणि कुणीतरी एक काकू त्याच्यासमोरच "कुठला हो हा?" विचारणार. आपल्याला भारत म्हणजे घर वाटतं. त्याला नाशिकही परदेशच, सिएटलइतकाच. आम्ही पुढच्या वर्षी डिसेंबरात मिरजेला गेलो. तेव्हा तिला मराठी धडाधड येत होतं, सासूबाईंच्या मांडीवर बसून तिने त्यांना शिकवलं की ओडियात तुम्ही आई नाही, 'जेजेमा'. सासूबाईंनी सगळ्या गल्लीला सांगितलं.

रजेचं म्हणाल तर तुमची कंपनी किमान पन्नास माणसांची असेल आणि तुम्ही तिथे वर्षभर काम केलं असेल, तर एफएमएलएची (अमेरिकेतला कौटुंबिक रजेचा कायदा) बारा आठवडे बिनपगारी रजा दत्तकालाही लागू होते आणि प्रवासाचे दिवसही त्यात धरता येतात. एचआरला लेखी विचारा. पैशाची बाजू: काराच्या नियमाने संस्थेला ५००० डॉलर जातात, ते रीतसर पावतीने. त्यापलीकडे तिकडे कुणीही काही मागितलं तर देऊ नका आणि एजन्सीला कळवा. इकडे करात दत्तकाची सवलत मिळते, २०२३ साली कमाल १५,९५० डॉलर होती. सीएला सांगायला विसरू नका, आम्ही विसरणार होतो.

झालं बहुतेक. हो, एक राहिलं. त्याची जुनी चप्पल, फ्रॉक-शर्ट, जे अंगावर असेल ते, धुवायचंही नाही आणि टाकायचंही नाही. नवे कपडे तुम्ही न्यालच. आमच्या बाईसाहेबांनी मी आणलेले गुलाबी बूट सहा आठवडे घातले नाहीत. संस्थेतल्या निळ्या स्लिपर घालून ती ओहायोच्या थंडीत मोजे चढवून फिरत होती.

कोडमजूर

सांगलीकर ताई, वाचताना डोळे भरून आले. आम्ही दोघं एच-१बीवर, टेक्ससमध्ये. आम्हालाही हीच प्रक्रिया लागू होईल का? ग्रीन कार्डची रांग तर आमच्या हयातीत संपेल असं दिसत नाही.

सांगलीची_हळद

कोडमजूर, वाईट बातमी मीच देते. आय-८००ए चा अर्ज (दत्तकासाठी आपण पात्र आहोत हे ठरवणारा, सगळ्यात आधीचा) करायला नवरा-बायकोंपैकी एक तरी अमेरिकन नागरिक लागतो. ग्रीन कार्डही चालत नाही. माझ्या माहितीतल्या एका जोडप्याने शेवटी उलटा निर्णय घेतला, पुण्यात परत गेले आणि तिथे निवासी म्हणून नोंदणी केली. तुम्ही पुढे काही ठरवण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे देऊन एक तास बसा. फुकटच्या सल्ल्यावर, माझ्यासुद्धा, जाऊ नका. आणि दोघांच्या वयाची बेरीज धरून ठेवा: दोन वर्षांखालच्या मुलासाठी ती ८५ च्या वर चालत नाही. इकडे रांगेत उभं राहता राहता तिकडची मर्यादा निघून जाते.

पुण्यातली_मावशी

मी पुण्यातल्या एका संस्थेत चौदा वर्षं काम केलं, आता घरी असते. सांगलीच्या ताईंनी जे लिहिलं ते दाराच्या आतल्या बाजूने सांगते.

मूल जायचं ठरलं की आम्ही कॅलेंडरवर फुल्या मारायचो. अल्बम रोज दाखवायचो. हे तुझं घर, हा तुझा पलंग, हे कुत्रं. एका कुटुंबाने अल्बममध्ये कुत्र्याचे सात फोटो पाठवले आणि आईबाबांचे दोन. पोरगं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला कुत्रं कुठाय विचारायचं! तेव्हा नाशिककर, अल्बम पाठवला नसेल तर आजच पाठवा. चेहरे मोठे, नेहमीच्या कपड्यांतले. गॉगल नको. आणि तुमचा आवाज पाठवा. दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग, रोज झोपताना लावता येईल असं.

तिथे गेल्यावर सांभाळणाऱ्या बाईला गाठा. अधीक्षकांना नाही, अंघोळ घालणाऱ्या बाईला. तो कुठल्या कुशीवर झोपतो, पाणी अंगावर घेताना घाबरतो का, ताप आला की कसा वागतो, कोणत्या मुलाशी भांडतो. यातलं काहीही त्या छापील अहवालात नसतं. 'विकास वयाच्या मानाने मागे' असं अहवालात असेल तर तेही तिलाच विचारा. आमच्याकडे डॉक्टर वीस मिनिटांत मूल तपासून जायचे, अनोळखी माणसापुढे मूल तोंड उघडायचं नाही आणि कागदावर 'बोलत नाही' असं लागायचं. तेच मूल स्वयंपाकघरात बडबडून डोकं उठवायचं. याचा अर्थ अहवाल खोटे असतात असा घेऊ नका. तुमच्या तिकडच्या मुलांच्या डॉक्टरांकडून ते नीट वाचून घ्याच, फक्त दुसरी बाजूही ऐका.

निघताना मूल रडलं तर घाबरू नका. आम्हाला उलट न रडणाऱ्याची काळजी वाटायची.

आणि आम्ही? आम्ही रडत नव्हतो असं नाही. मागच्या दाराशी जाऊन रडायचो, कारण संध्याकाळी बाकीच्यांना जेवू घालायचं असायचं. तुम्हाला दोन वर्षांत सहा अहवाल पाठवायचे असतात ना, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहामाही. लोक ते नाइलाजाने भरतात. आमच्याकडे ते आले की ऑफिसातून पळवून आणून आम्ही चुलीशी वाचायचो. उंची-वजनाचा रकाना कुणी बघत नव्हतं. फोटोत केस कुणी विंचरलेत, तेल लावलंय का, हे बघायचो.

अजून एक. त्याचा फोटो, संस्थेचं नाव, गाव सोशल मीडियावर टाकू नका, आता नको. कायद्याने मुलाची ओळख जाहीर करायला मनाई आहे, आणि मोठा झाल्यावर त्याची गोष्ट कुणाला सांगायची हे त्याला ठरवू दे.

सांगलीची_हळद

मावशी, तुमचं चुलीशी वाचणं डोक्यातून जात नाहीये. आमचे सहाही अहवाल आता संपले. शेवटच्यात मी लेकीने नानीसाठी काढलेलं चित्र चिकटवून दिलं होतं. नानी अजून तिथेच आहे, तेवढं कळलंय. तेरा वर्षांची झाली असेल. संस्थेच्या नियमाने दोन मुलांना थेट फोनवर बोलू देत नाहीत, आणि त्या नियमामागे काहीतरी कारण असेल असं मी स्वतःला समजावते. राखी मात्र दरवर्षी पाठवतो, संस्थेच्या पत्त्यावर. मुलींनी मुलींना राखी बांधायची ही पद्धत आमच्या घरात तिच्यामुळे आली.

नाशिककर, झारखंडमध्ये हिंदीवर विसंबू नका एवढंच परत सांगते. तिथे संथाली असेल, मुंडारी, हो, कुडुख, सादरी, काय वाट्टेल ते असेल. संस्थेतल्या बायका मुलांशी कशात बोलतात ते विचारा.

प्रश्नचिन्ह

वकीलसाहेब, समजलं. ट्रस्टींचा विषय मागे घेतो. मला खरंच माहीत नव्हतं.

नाशिककर_सिएटल

सगळ्यांचे आभार. काल रात्री हा धागा बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. 'रांग तिची एकटीची' पाशी थांबावं लागलं.

एचआरला मेल केली. सहा आठवडे मागितलेत. मॅनेजरने लगेच 'अभिनंदन' पाठवलं, त्यापुढे काय मनात आहे ते दिसेलच. तिकीट अजून काढलं नाही, पण काढलं की बदलता येणारं काढू.

आईला फोन केला. हॉल रद्द करायचा म्हटल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, ॲडव्हान्स तरी परत देतील का बघते. आज सकाळी तिचा परत फोन. ती आणि बाबा एका कागदावर आपापली नावं मोठ्या अक्षरांत लिहून, ते हातात धरून फोटो काढून पाठवणार आहेत, अल्बममध्ये घालायला. त्याला वाचता येत नाही हे मी सांगितलं नाही.

संस्थेत विचारलं. मावशी-बायका सगळ्या सादरीत बोलतात, हिंदी फक्त शाळेच्या बाई. अंघोळ घालणाऱ्या बाईंच्या फोनवरून शनिवारी शब्द रेकॉर्ड करून पाठवतो म्हणाल्यात. मी यादी दिलीय. पहिला शब्द 'भूक' लिहिलाय.